दोन पेठा, एक टीम आणि ‘कट्टा’

कॉलेजचा फुटबॉल सीझन मोजायला गेलं तर आमचा तीन मॅचचा झाला. विभागीय स्पर्धा बाद पद्धतीची. हरलं की किट धुऊन जिमखान्यात जमा करायचं. पण त्या तीन मॅचसाठी जुलैपासून जे केलं, ते मला लिहून ठेवायचंय. मी गोलकीपर होतो आणि त्या वर्षी कॅप्टनही.

कोल्हापुरात कॉलेजची टीम काढायची तर खेळाडू शोधावे लागत नाहीत. ट्रायलला पन्नासेक पोरं आली होती. अडचण वेगळीच असते. इथला प्रत्येक खेळाडू आधी पेठेचा, तालमीचा असतो. दिवाळी झाली की शाहू स्टेडियमवर केएसएचा, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचा, फुटबॉल हंगाम सुरू होतो. पाटाकडील, खंडोबा, शिवाजी तरुण, दिलबहार ही पेठांतल्या टीमची नावं आमच्याकडं घरच्या माणसांसारखी घेतली जातात. ज्याला हरवायचं म्हणून लहानपणापासून पळालो, त्यालाच आता पास द्यायचा. आमच्या टीममध्ये स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, शिवाजी पेठेतला आणि लेफ्ट बॅक मंगळवार पेठेतला. पहिले दोन आठवडे दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. भांडण नव्हतं, सवयच नव्हती.

पावसाळाभर सकाळी सहाला प्रॅक्टिस. जुलैतला कोल्हापूरचा पाऊस माहीत असेल तर मैदानाचं वर्णन करायला नको. बॉल चिखलात थबकायचा, ग्लोव्ह्ज दुसऱ्या दिवशीपर्यंत वाळायचे नाहीत. आई ते तव्याशेजारी ठेवायची.

एका प्रॅक्टिस मॅचला जे झालं ते अजून डोळ्यांसमोर आहे. उजवीकडून क्रॉस आला. स्टॉपर ओरडला, “सोड!” त्याच्या पेठेच्या टीममध्ये याचा अर्थ ‘तू हात लावू नको, मी घेतो’. लेफ्ट बॅकच्या पेठेच्या टीममध्ये ‘सोड’ म्हणजे ‘आल्या पायानं लांब मारून टाक’. तो मारायला धावला, हा हेडला उडाला, दोघं आपटले आणि बॉल माझ्या उजव्या हाताखालून आत. दोघं चिखलात बसून एकमेकांकडं बघतायत. सर शिट्टी न वाजवता मैदानात आले आणि एवढंच म्हणाले, “आधी भाषा एक करा.”

त्या दिवशी प्रॅक्टिसनंतर आम्ही गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गेलो. समोर म्हैस पिळून दिलेलं फेसाळ दूध प्यायला अख्खी टीम पहिल्यांदाच एकत्र गेली होती. तिथं ग्लास हातात धरून आम्ही शब्द ठरवले. मी बाहेर येत असेन तर “माझा!” मागून माणूस आला तर “पाठीला!” आणि बॉल न अडवता मागच्याला जाऊ द्यायचा असेल तर “कट्टा!” हा शब्द लेफ्ट बॅकनंच सुचवला, समोर बघून. दुसऱ्या कुठल्या टीमला तो कळणार नव्हता.

मधल्या काळात फॉर्मचा घोळ निस्तरला. विद्यापीठाच्या पात्रता फॉर्मला दहावी-बारावीच्या मार्कलिस्ट, फोटो, प्राचार्यांची सही आणि शिक्का लागतो. आमच्या एका फॉरवर्डच्या आडनावाचं स्पेलिंग मार्कलिस्टवर एक आणि कॉलेजच्या नोंदीत दुसरं. ऑफिसातून तीन दिवस त्याला या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवलं. अठरा वर्षांचं पोर रडकुंडीला आलं होतं. शेवटी सर स्वतः शाळेचा दाखला घेऊन उभे राहिले तेव्हा दुरुस्ती झाली. माझं नवीन कॅप्टनांना सांगणं आहे, जुलैतच सगळ्यांची कागदपत्रं एका फाईलला लावा. प्रॅक्टिस वाया जात नाही, पण फॉर्म अडला की माणूस बाहेर बसतो.

पहिली मॅच आरामात निघाली. दुसरी एक-शून्य. त्यात शेवटच्या पाच मिनिटांत सलग कॉर्नर पडत होते आणि माझ्यासमोर ते दोघं खांद्याला खांदा लावून उभे होते. एक हेडला गेला की दुसरा त्याची जागा भरत होता, सांगावं लागत नव्हतं. मला गोलपोस्टमधून ते दिसत होतं, आणि त्या वर्षातला माझा सगळ्यात मोठा आनंद तोच.

सेमीफायनल बरोबरीत सुटली, टायब्रेकरवर हरलो. मी एक अडवला, त्यांच्या कीपरनं दोन. आमची दुसरी किक चुकली ती लेफ्ट बॅकची. तो तिथंच गुडघ्यावर बसला. त्याला उठवायला सगळ्यात आधी कोण पळालं हे सांगायला नको.

दिवाळीनंतर केएसएचा हंगाम लागला आणि दोघं आपापल्या टीमकडून समोरासमोर आले. मी गॅलरीत होतो. खाली हलग्या, दोन्ही बाजूंनी आरडाओरडा. उत्तरार्धात एक थ्रू बॉल दोघांच्या मधे पडला. स्टॉपर सवयीनं ओरडला, “कट्टा!” आणि समोरच्या टीमच्या लेफ्ट बॅकनं खरंच पाय मागं घेतला. बॉल लाइनबाहेर गेला. दोघं जागच्या जागी थांबले, एकमेकांकडं बघितलं आणि हसायला लागले. माझ्या शेजारचे काका विचारत होते, “काय झालं रं? का हसाय लागल्यात ही पोरं?”