अकरा सॉऱ्या

रविवार, रात्रीचे साडेअकरा

चिऊला सोडून आलो. परतीच्या वाटेवर ह्याने रेडिओ लावला, मी बंद केला. ओट्यावर तिचा कॉफीचा मग तसाच आहे. धुवावासा वाटला नाही.

बुधवारी दुपारी ओट्यावरच लॅपटॉप ठेवून माझी मीटिंग चालली होती. चिऊ समोर बसून चिवडा खात होती. मला वाटलं, फोनमध्ये डोकं आहे. मीटिंग संपली तशी म्हणाली, "आई, अकरा."

"काय अकरा?"

"अकरा वेळा सॉरी म्हणालीस. त्यातलं एक तर तो माणूस स्वतः म्यूटवर होता म्हणून."

मी हसले. हसण्यावारी नेलं की विषय संपतो, असा आजवरचा अनुभव. पण ती पुढे म्हणाली, आणि अगदी प्रेमाने म्हणाली, "तू माझी लिटल असतीस ना, तर पहिल्यांदा हे सोडवलं असतं तुझ्याकडून."

मी तिची लिटल! म्हणजे सोरोरिटीत, कॉलेजातल्या मुलींच्या त्या सभासद-मंडळात, नुकतीच आलेली, बावरलेली पोर, आणि ही माझी बिग, मला हाताशी धरणारी थोरली. अगं, बारावीपर्यंत तुझी वेणी मी घातलीय.

चार दिवस तेच डोक्यात घोळतंय. आधी वाटलं, राग आलाय. मग वाटलं, वाईट वाटलंय. आज तिच्या सोरोरिटीच्या हाउसच्या पायऱ्यांवरून आठ-दहा मुली किंचाळत धावत आल्या, तिच्या गळ्यात पडल्या, आणि मी ट्रंकमधून पिशव्या काढत उभी होते, तेव्हा कळलं. हेवा आहे हा. पोटच्या पोरीचा. शी.

आणि हीच मी दोन वर्षांपूर्वी काय काय बोलले होते! पैसे भरून मैत्रिणी कशाला विकत घ्यायच्या. अलाबामा विद्यापीठातल्या जुन्या गोऱ्या सोरोरिट्यांत २०१३ पर्यंत काळ्या मुलींना जवळजवळ दारच बंद होतं, तिथल्या विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राने बोंब मारली तेव्हा कुठे उघडलं, हे वाचून तिच्या तोंडावर फेकलं होतं. "खरंय ते," एवढंच म्हणाली, आणि गेली. मला ते रिक्रूटमेंट प्रकरण अजूनही पटत नाही. नटूनथटून घरोघरी जायचं, बसायचं, गोड बोलायचं, आणि रात्री आतल्या मुली ठरवणार उद्या कुणाला परत बोलवायचं. हे आपले कांदेपोहेच की! पहिल्या वर्षी एका घराने हिला परत बोलावलं नाही, त्या रात्रीचा तो फोन... जाऊ दे.

पण गेल्या वर्षी ही आतल्या बाजूला होती. तेव्हा तिने सांगितलं ते मात्र मी कान देऊन ऐकलं. समोर अनोळखी मुलगी, हातात काही मिनिटं. तिला बोलतं करायचं. मग सोरोरिटीतलीच दुसरी एक 'बहीण' येऊन बसते, तिच्या हातात ते बोलणं अलगद सोपवायचं आणि उठायचं, असं की समोरचीला टाकून दिल्यासारखं वाटू नये. याची म्हणे दिवसचे दिवस तालीम चालते. तालीम! माझ्या कांदेपोह्यांच्या आधी मला ट्रे कसा धरायचा त्याची तालीम दिली होती.

यंदा ती खजिनदार आहे. शुक्रवारी वरच्या खोलीतून तिचा आवाज येत होता. कुणाचे तरी ड्यूज, म्हणजे सोरोरिटीची वर्गणी, थकलेत. "मैत्रीण आहेस म्हणूनच फोन केला. शुक्रवारपर्यंत भरतेस, की हप्ते करून देऊ?" बस. ना खाकरणं, ना आढेवेढे. उन्हाळ्याच्या इंटर्नशिपच्या मुलाखतीत निम्मा वेळ या हिशेबाबद्दलच विचारत होते म्हणे, मार्कांचं कुणी नावही काढलं नाही.

मी काकूंकडून भेटवस्तूच्या वर्गणीचे ४० डॉलर मार्चपासून मागू शकलेली नाही.

मला कुठे होतं असं कुणी? गॅदरिंगला सूत्रसंचालन केलं तेव्हा आत्या म्हणाली, आवाज जरा खाली ठेवावा मुलीने, आगाऊ दिसतं. तो जो खाली गेला तो गेलाच. इथे आले तर व्हिसावर कामच करता येत नव्हतं, मग चिऊ, मग...

पण हेही पूर्ण खरं नाही. पुण्याच्या हॉस्टेलवर होती की माझी एक बिग. खोली क्रमांक १४. तिने मला लूना शिकवली, रेक्टरबाईंशी कसं बोलायचं ते शिकवलं, कॅम्पस इंटरव्ह्यूच्या सकाळी स्वतःचा इस्त्रीचा ड्रेस माझ्या अंगावर फेकला. लग्नाला तिला पत्रिका पाठवली का मी? आठवतच नाही.

काल जेवताना चिऊने बेटी लॉकची गोष्ट सांगितली. इंडियानातल्या ग्रीनकॅसलची, म्हणजे इथून तासाभरावर. तिथल्या कॉलेजात १८६७ मध्ये मुलींना घ्यायला लागले, त्यातली ही एक. मुलांच्या एका फ्रॅटर्निटीने तिला आपला बिल्ला देऊ केला, मिरव म्हणून. ती म्हणाली, सभासद करून घ्या, मग लावते. ते करून घेईनात. तेव्हा तिने तीन मैत्रिणींना घेऊन २७ जानेवारी १८७० रोजी स्वतःचीच काढली, काप्पा अल्फा थीटा. (आपल्या आनंदीबाई जोशी तेव्हा पाच वर्षांच्याही नव्हत्या. हे मी म्हटलं, तर ह्याने पोळी मागितली.)

मघाशी खण उघडला. महाराष्ट्र मंडळाचे बिल्ले आहेत माझ्याकडे, दर गणपतीचा एक, असे १२. सगळ्यांवर 'खाद्यसमिती'. बारा वर्षं मी ते मिरवलेत, आणि बटाटेवड्यांचा अंदाज माझ्याइतका कुणाचा बरोबर येत नाही, हेही सांगून ठेवते. स्टेजवर एकदाही गेले नाही. इतका वेळ कमिटीतल्या काकांवर दात खात बसले होते, पण बेटीला निदान नाही तरी म्हणाले होते. मला कुणी नाही म्हटलेलं नाही. मी विचारलंच नाही कधी.

जानेवारीत निवडणूक आहे. खजिनदाराची जागा रिकामी होतेय. वड्यांचा हिशेब जमतो तर... बघू. ह्याला आत्ताच सांगायला नको, हसेल.

बारा वाजत आले. काकूंना मेसेज लिहिला, "काकू, सॉरी, एवढ्या रात्री त्रास देतेय." खोडला. "काकू, मार्चमधल्या वर्गणीचे ४० डॉलर राहिलेत. पाठवाल का?" एवढाच पाठवला, आणि फोन उताणा न ठेवता पालथा घातला. छातीत धडधडत होतं, चाळीस डॉलरसाठी.

लगेच वाजला. जाग्याच होत्या.

"अगं सॉरी गं, राहूनच गेलं बघ. सॉरी हं."

दोन.