रबराच्या आतलं सोनं

स्विस कलाकार ऑटो क्युन्त्सली यांची १९८० सालची बांगडी माझ्या डोक्यातून जात नाही. काळ्या रबराची नळी आणि आत सोन्याची गोळी. वरून दिसतो फक्त फुगवटा. आत खरंच सोनं आहे का, हे बघायचं तर रबर कापायला हवं, म्हणजे दागिनाच संपला!

मी सायकलच्या जुन्या ट्यूबचे हार करते. आधी साबणाने घासून आतली पांढरी पावडर काढायची, मग धारदार पात्याने पट्ट्या कापायच्या. कात्रीने कड दातेरी होते. अंगावर रबर धातूसारखं गार लागत नाही, हे मला फार आवडतं. डच कलाकार खाइस बाकर यांनी गुलाबाचा फोटो प्लास्टिकमध्ये बसवून गळ्यातला दागिना केला, तोही सुंदरच. पण हात शिवशिवतात ते रबरासाठी.