तालेकच्या काठचा तंबू आणि एक पिवळी पुस्तिका

केनियातील मासाई मारा या अभयारण्यात तालेक नदीच्या काठावरील एका छोट्या कॅम्पवर आई, मी आणि माझी पत्नी गेल्या ऑगस्टमध्ये चार रात्री राहिलो. परत आल्यापासून भेटेल तो ‘सिंह दिसला का?’ एवढेच विचारतो. सिंह दुसऱ्याच सकाळी दिसला आणि त्यासाठी आम्हाला काडीचीही खटपट करावी लागली नाही. खटपट करावी लागली ती पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीव्हरच्या, लशीसाठी.

२०२४पासून व्हिसाऐवजी लागणारा केनियाचा ऑनलाइन प्रवास परवाना घरबसल्या मिळाला. भारतातून थेट जाणाऱ्याकडे केनिया ही लस मागत नाही. ती मागतो आपला देश, परतताना. आपल्याकडे पीतज्वर नाही, परंतु तो पसरवणारा एडिस डास, म्हणजे डेंग्यूचाच डास, गल्लोगल्ली आहे. म्हणून बाधित देशातून प्रमाणपत्राशिवाय आलेल्याला सहा दिवसांपर्यंत विलग ठेवले जाऊ शकते. हे प्रमाणपत्र लस टोचल्यावर दहा दिवसांनी लागू होते, आणि आमचे विमान १६ ऑगस्टचे होते.

लस मोजक्या सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा आज लसीकरणाचा वारच नाही, असे कळले. एका कुपीत अनेकांची लस असते आणि कुपी उघडली की काही तासांत संपवावी लागते, त्यामुळे ठरलेल्या वारी, पुरेशी माणसे जमवूनच ती उघडतात. कारण पटण्याजोगे आहे. आठवडाभर कोणीही फोन का उचलला नाही, याचे कारण मात्र अद्याप कळलेले नाही. दुसऱ्या खेपेला आईचे वय आडवे आले. साठीपुढच्या व्यक्तींना या लशीचा त्रास होण्याची शक्यता अधिक असल्याने डॉक्टरांची चिठ्ठी लागते. ती आम्ही नेली होती, पण तिच्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नव्हता. तिसऱ्या खेपेला, ४ ऑगस्टला, एकदाची सुई टोचली गेली, अर्धा तास बाकावर बसवून ठेवण्यात आले आणि प्रमाणपत्राच्या पिवळ्या पुस्तिका हातात पडल्या. आईच्या पुस्तिकेत पासपोर्ट क्रमांकातील ८चा ३ झालेला होता.

मी खिडकीशी परतलो. “यावर खाडाखोड चालत नाही,” ज्यांनी आकडा लिहिला होता त्यांनीच मला बजावले, “नवी पुस्तिका करावी लागेल, आणि सहीचे डॉक्टर जेवायला गेलेत.” आम्ही सकाळी सातला घर सोडलेले होते. आई शांतपणे म्हणाली, “आकडा त्यांचा चुकला ना रे? मग उपाशी आपण का?” डॉक्टर सव्वातीनला आले, जांभळा शिक्का उमटला, आणि मी तो क्रमांक तीनदा वाचून मगच जागचा हललो. तुम्हीही खिडकी सोडण्यापूर्वी वाचा, आणि लस तिकिटाच्या आधी घ्या. २०१६पासून ती आयुष्यभरासाठी ग्राह्य धरली जाते, त्यामुळे लवकर घेऊन काही बिघडत नाही.

कॅम्पवर पोहोचताच पुन्हा एक कागद पुढे आला, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. परंतु अंधार पडल्यावर एकट्याने तंबूबाहेर पडणार नाही, एवढ्याच हमीवर सही हवी होती. नदीच्या बाजूला कुंपण नव्हते आणि दिवसभर पाण्यात पडून राहणारे पाणघोडे रात्री चरायला काठावर चढतात, म्हणून जेवणाच्या तंबूपर्यंत न्यायला मासाई अस्करी, म्हणजे रखवालदार, बॅटरी घेऊन येत असे. पहिल्या रात्री कनातीपलीकडे गवत उपटल्याचा करकर आवाज इतका जवळून येत होता की आम्ही दोघे श्वास रोखून पडलो होतो. शेजारच्या तंबूत आई गाढ झोपली होती. अंथरुणात गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवलेली असे, आणि तिची गरज होती, कारण मारा दीड हजार मीटरांच्या आसपास उंचीवर आहे. पहाटेच्या फेरीसाठी स्वेटर आणि कानटोपी न्याच. जेवणात चपाती आणि कचुंबर ही नावे स्वाहिलीतही जवळजवळ तीच आहेत, हे ऐकून आई खूश झाली. सामान कापडी पिशव्यांत भरा. प्लास्टिकच्या पिशव्यांवर केनियात २०१७पासून बंदी आहे. प्रवेशशुल्क परदेशी प्रौढाला जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर आणि उरलेल्या सहा महिन्यांत १०० डॉलर आहे. हे आधी कळले असते तर मी जूनमध्ये गेलो असतो.

मुंबईला उतरल्यावर आरोग्य तपासणीच्या टेबलाशी आईने पुस्तिका अशा थाटात पुढे केली की समोरचा तरुण हसला. तरीही त्याने पासपोर्टवर बोट ठेवून आकडान् आकडा जुळवला. आमच्या पुढच्या जोडप्याने पुस्तिका मोठ्या बॅगेत टाकली होती. ती बॅग पट्ट्यावर, म्हणजे या टेबलाच्या पलीकडे, येणार होती. आम्ही निघालो तेव्हा दोघे बाजूच्या खुर्च्यांवर बसून होते.