किसिंग बूथ २ चे मराठी सबटायटल: १,४३० ओळी झाल्या, चारेकशे उरल्यात

मागच्या वेळी लिहिलं तेव्हा ६०० वर होते, आता १,४३० वर आलेय आणि थँक्सगिव्हिंगच्या जेवणाचा सीन काल रात्री एकदाचा संपला, म्हणून लगेच लिहून टाकते, नाहीतर काय काय केलं ते विसरायला होतं.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात, मी आईसाठी सिनेमांचे मराठी सबटायटल करते. तिला इंग्रजी येतं, पण अमेरिकन पोरं ज्या स्पीडने बोलतात त्या स्पीडने नाही, आणि वाचताना मराठी असेल तर ती आरामात बसते. फाइल फक्त घरी वापरतो, कुठे अपलोड करत नाही. लॅपटॉपवर ब्राउझरच्या एक्स्टेंशनमधून आपली एसआरटी (सबटायटलची) फाइल चढवायची आणि लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला जोडायचा, एवढाच सेटअप. काम ‘सबटायटल एडिट’ नावाच्या प्रोग्रॅममध्ये करते.

पहिला भाग (२०१८ चा) गेल्या दिवाळीत झाला होता. हा दुसरा २४ जुलै २०२० ला नेटफ्लिक्सवर आला, दिग्दर्शक तोच, व्हिन्स मार्सेलो, आणि मूळ पुस्तकं बेथ रीकल्सची, जिने हे वेल्समध्ये शाळेत असताना वॉटपॅडवर लिहायला घेतलं होतं. गोष्ट माहितीच असेल. एल शाळेच्या शेवटच्या वर्षाला, तिचा नोआ हार्वर्डला गेलेला, आणि लहानपणापासूनचा मित्र ली, जो नोआचा धाकटा भाऊ, त्याच्याबरोबर बर्कलीला जायचं आधीपासून ठरलेलं, कारण दोघांच्या आया तिथेच शिकल्या. आता एलला नोआजवळचं बोस्टनपण हवंय आणि ते लीला सांगायची हिंमत होत नाही. लोक याला हलका सिनेमा म्हणतात, पण ओळ न् ओळ थांबवून ऐकल्यावर मला तरी पटलंय की यात लपवण्याचं काम फार नीट लिहिलंय, कोण कुणाला काय सांगत नाहीये यावरच सगळं चालतं.

आणि इथेच मराठी अडवते!

इंग्रजीत नोआ त्याच्या कॉलेजातल्या क्लोईला फ्रेंड म्हणतो, झालं. मी पहिल्या ड्राफ्टमध्ये सरळ ‘मैत्रीण’ लिहिलं होतं. आईला तो तुकडा दाखवला तर ती म्हणाली, “अगं मग हा आधीच कबूल करतोय की, ही कशाला एवढा विचार करत बसलीय?” बरोबर आहे तिचं. आपल्याकडे मुलगा ‘माझी मैत्रीण’ म्हणाला की ऐकणाऱ्याच्या डोक्यात दुसरंच येतं, म्हणजे एलला जो संशय अर्धा सिनेमा पोखरतो तो माझ्या एका शब्दाने तिथेच पक्का झाला. मग ‘ओळखीची’ करून बघितलं, तर ते इतकं लांबचं वाटतं की तो खोटं बोलतोय असंच वाटायला लागतं. ‘दोस्त’ चाललं असतं, पण तो शब्द मी दुसरीकडे राखून ठेवलाय, खाली सांगते. चार दिवस गेले यात. शेवटी ‘आमच्या ग्रुपमधली’ केलं. कॉलेजची मुलं असंच म्हणतात, खरंही असू शकतं आणि काही लपवतोय असंही वाटू शकतं. नंतर एलला नोआच्या पलंगाखाली कानातलं सापडतं तेव्हा आई एकदम पुढे सरकून बसली. तेव्हा कळलं की शब्द बसला.

‘दोस्त’ राखून ठेवला तो एल आणि लीच्या नियमांसाठी. त्यांनी लहानपणी दोस्तीचे नियम केलेत, आणि ते दोघांना सारखेच लागू. मराठीत ‘मित्र’ लिहिलं तर नियम एकट्या एलला लागू होतात आणि ‘मैत्रीण’ लिहिलं तर एकट्या लीला, आणि दोन्ही तिरकी रेघ मारून लिहिलं तर ते सरकारी फॉर्मसारखं दिसतं. दोस्त दोघांना चालतो, लहान पोरांच्या तोंडी शोभतोपण. ९ नंबरचा नियम, जो पहिल्या भागात मोडला म्हणून सगळं रामायण झालं, तो मी ‘दोस्ताच्या घरच्यांवर लाइन मारायची नाही’ असा केला होता, तो आता दुसऱ्या भागातपण तसाच ठेवलाय. सीक्वेल करताना ही गोष्ट पाळाच, पहिल्या भागाची फाइल शेजारी उघडी ठेवा आणि नावं, नियम, चिडवायचे शब्द सगळं त्यातून उचला. मी ‘बर्कली’ आणि ‘बर्कले’ दोन्ही लिहून बसले होते, १२ ठिकाणी बदलावं लागलं.

तू आणि तुम्हीचं सांगायचं राहिलं. लीच्या आईशी (मॉली रिंगवाल्ड, ऐंशीच्या दशकातल्या टीनेज सिनेमांची लाडकी नायिका, तिला आता आईच्या रोलमध्ये बघायला मला फार आवडतं) एल बोलते तिथे ‘तुम्ही’ ठेवलं, पण ‘काकू’ नाही घातलं. हात शिवशिवत होते, कारण एलची आई गेल्यावर हिनेच तिला जवळ केलंय आणि मराठी कान तिथे काकू शोधतोच. पण गोष्ट लॉस एंजेलिसची आहे, ती तिथलीच राहू दे. तसंच ली नोआला ‘दादा’ म्हणत नाही, नावानेच. फक्त आईला सुरुवातीला कळावं म्हणून एका ठिकाणी ‘माझा मोठा भाऊ’ केलं, इंग्रजीत मोठा-धाकटा काहीच नसतं, नुसताच ब्रदर.

आता टेक्निकल. परवा एक मोठा घोळ झाला तो सांगते म्हणजे तुमचा वेळ वाचेल. मला आकडे मराठीत हवे होते, डान्स गेमच्या स्पर्धेचं बक्षीस ५०,००० डॉलर आहे, ते सारखं येतं. मी साध्या एडिटरमध्ये फाइल उघडली आणि १ ते ९ सगळे आकडे रिप्लेस ऑल करून टाकले. तर टाइमकोडमधले (कुठली ओळ कधी दिसायची त्या वेळेचे) आकडेपण मराठी झाले आणि पूर्ण फाइल मेली, स्क्रीनवर एक ओळ येईना. बॅकअप आदल्या दिवशीचा होता, १४० ओळी परत केल्या, रात्रीचे दोन वाजले. आकडे बदलायचे तर सबटायटल एडिटच्या आतूनच बदला, तिथे मजकूर आणि वेळ वेगवेगळे राहतात. आणि सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे ना ते बघा, त्यात मराठी अक्षरं नीट राहतात.

वाचायच्या स्पीडबद्दल मागे कुणीतरी विचारलं होतं. नेटफ्लिक्सच्या गाइडमध्ये ओळीला ४२ कॅरेक्टर सांगितलेत, एका वेळी दोनच ओळी, आणि सबटायटल जास्तीत जास्त ७ सेकंद. पण देवनागरीत प्रोग्रॅम मात्रा आणि हलंतपण मोजतो. ‘विद्यार्थी’ डोळ्याला तीन अक्षरं, मोजणीत १०! म्हणून ओळ लांब झाली म्हणून प्रोग्रॅमने लाल रंग दाखवला की मी घाबरत नाही, मोठ्याने वाचून बघते, आईच्या वाचण्याच्या वेगाने, आणि तोंडात बसलं तर ठेवते.

शाळेच्या माइकवाल्या सीनला मात्र खरंच लाल होतं. एल शाळेतल्या नव्या मुलाच्या, मार्कोच्या बॉडीबद्दल बडबडत सुटते आणि माइक चालू आहे हे तिला माहीतच नाही, सगळी शाळा ऐकतेय. ती इतकी भरभर बोलते की सगळं लिहिलं तर वाचेपर्यंत सीन पुढे जातो आणि तिच्याकडे बघायचंच राहतं, जी सगळ्यात मोठी चूक, कारण जोई किंग तिथे चेहऱ्याने सगळं करते. (तिचे केस सिनेमाभर विग आहेत बरं का, आधीच्या एका सिरीजसाठी तिने टक्कल केलं होतं.) मी निम्मे शब्द उडवले. विशेषणं तीनच्या जागी एक.

थँक्सगिव्हिंगचा सीन अवघड का, तर एका टेबलावर एकेकाची लपवलेली गोष्ट बाहेर येते आणि माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात. दोन ओळीत दोनच माणसं मावतात, प्रत्येकापुढे डॅश. तिसरा बोलला की कुणालातरी गाळायलाच लागतं. मी ठरवलं की ज्याचं वाक्य ऐकून समोरच्याचा चेहरा पडतो ते वाक्य राहणार, बाकी गेलं तरी चालेल. त्या हिशोबाने रेचलची (लीची गर्लफ्रेंड) वाक्यं जवळजवळ सगळी राहिली. मला ती पहिल्यांदा बघताना कटकटी वाटली होती, आता वाटतं तिचं काही चुकत नव्हतं, आपल्या बॉयफ्रेंडबरोबर प्रत्येक ठिकाणी त्याची दोस्त असली तर कोण सहन करेल.

छोटे शब्द पटापट: डॉर्मला ‘हॉस्टेल’, प्रॉमला ‘प्रॉम’च, अर्जाबरोबरच्या एसेला ‘निबंध’. आईने विचारलंच, “ॲडमिशनला निबंध कशाला?” मग सिनेमा थांबवून तिथली पद्धत सांगितली.

शेवटचा सीन मी आधीच करून ठेवलाय, कारण त्यातला एक शब्द सुरुवातीपासून डोक्यात होता, वेटलिस्ट. ‘प्रतीक्षा यादी’ बरोबर आहे पण १७-१८ वर्षांची मुलगी तसं बोलणार नाही. ‘वेटिंग’ म्हटलं की रेल्वेपासून अकरावीच्या ॲडमिशनपर्यंत आपल्याला लगेच कळतं. पण कळतं ते फारच आशेने कळतं, वेटिंग म्हणजे होईल की कन्फर्म, चार्ट लागू दे. एल मात्र लीला आणि नोआला ते सांगते तेव्हा दोन्हीकडची ॲडमिशन तिच्या हातात आहे, ती फक्त वेळ काढतेय. सध्या ‘वेटिंगला टाकलंय मला’ असं लिहिलंय. ‘वेटिंगला आहे’ पेक्षा हे मला जवळचं वाटतं, कारण टाकलंय म्हटलं की कुणीतरी दुसऱ्याने ठरवल्यासारखं वाटतं आणि तिला तेच भासवायचंय. तुम्ही काय केलं असतं ते सांगा, फाइल अजून बंद केलेली नाही.

उरलेल्या चारशे ओळीत स्पर्धेनंतरचा बराच भाग आहे. आई रोज विचारते झालं का. पुढच्या रविवारी पूर्ण दाखवायचं ठरलंय, दुपारी, जेवणं झाल्यावर.