अलिबाग ते मालवण: भरतीचा तक्ता हातात घेऊन

अलिबागहून किनाऱ्याने मालवणकडे उतरायचं, तर हॉटेलच्या आधी मी तिथी पाहतो. पहिलाच मुक्काम तसा आहे. कुलाबा किल्ल्यावर ओहोटीला चालत जाता येतं, आणि तिथे येणारे बहुतेक जण नुसती ओहोटीची वेळ विचारून निघतात. पाणी किती उतरणार, हे कुणी विचारत नाही.

वेळेसाठी कोकणातला जुना हिशेब पुरतो. तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं, येईल तो भरतीचा तास. त्यापुढे सव्वासहा तासांनी ओहोटी. अष्टमीला सहाची भरती, म्हणजे ओहोटी भर दुपारी बाराच्या सुमारास. वेळ सोयीची, पण अष्टमी म्हणजे भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे दिवस. पाणी धड चढत नाही, धड उतरतही नाही. मुंबईच्या तक्त्यात उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या ओहोटीला पाण्याची पातळी साधारण पाऊण मीटरपर्यंत खाली जाते, भांगाची पावणेदोन-दोन मीटरवरच थांबते. अशा दिवशी वाट पाण्याखालीच राहू शकते. उलट पौर्णिमा-अमावास्येला पाणी छान हटतं, पण पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी. अंधारात त्या वाटेवर जाऊ नये. म्हणून द्वितीया ते चतुर्थी हे दिवस उत्तम. उधाणाचा जोर टिकून असतो आणि तृतीयेला ओहोटी सकाळी साडेआठच्या आसपास मिळते. हा हिशेब अंदाजाचा. निघण्यापूर्वी त्या दिवशीच्या तक्त्यातली वेळ आणि मीटरचा आकडा दोन्ही पाहा. दिवसातल्या दोन ओहोट्याही सारख्या उतरत नाहीत.

ओहोटीच्या तासभर आधी निघावं आणि पाणी फिरल्यावर तासाभरात किनाऱ्याला लागावं. पाणी एका वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन. पहिल्या तासात ‘काहीच चढलं नाही’ असं वाटतं, आणि पुढच्या तीन तासांत निम्म्याहून जास्त पाणी येतं. वाटेतले खोलगट भाग आधी भरतात, त्यामुळे पायाखाली कोरडी वाळू असली तरी मागची वाट बंद झालेली असू शकते.

राजपुरीहून जंजिरा किंवा हर्णैहून सुवर्णदुर्ग गाठायचा, तर भरतीइतकाच वारा महत्त्वाचा. दुपारनंतर खारा वारा जोर धरतो आणि होडीत चढउतार अवघड होते, म्हणून सकाळची फेरी धरावी. खाडीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी बाहेर ओढत असताना समोरून लाटा आल्या की त्या आखूड आणि उभ्या होतात. अशा वेळी तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, थांबायला म्हणाला, तर थांबावं.

दक्षिणेकडे जाताना भरतीची उंची कमी होत जाते आणि वेळ अलीकडे येते. मालवणला मुंबईपेक्षा सुमारे तासभर आधी. मुंबईचा तक्ता तिथे चालत नाही.

हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राचा लाटांचा अंदाजही रोज पाहावा. त्यातली लाटेची उंची म्हणजे सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी. एखादी लाट तिच्या दुप्पटही येते. उंचीशेजारी सेकंदांचा आकडा असतो, म्हणजे लागोपाठच्या दोन लाटांमधला वेळ. तो पंधराच्या पुढे असेल, तर वारा पडलेला असला तरी सावध राहावं. एप्रिल-मे महिन्यांत हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडच्या वादळांतून निघालेल्या अशा लाटा स्वच्छ उन्हात कोकणच्या किनाऱ्यावर येऊन आदळतात. त्यात उधाणाची भरती असेल, तर खडकांवर उतरू नये.