रबरी फुगा

म्हापशातल्या एका स्कॅनिंग सेंटरमध्ये मी एमआरआय टेक्निशियन आहे. ऐन पावसात एके सकाळी पेडण्याहून २२ वर्षांचा मुलगा आला. सोबत आई आणि थोरला भाऊ. तीन महिने त्याला कुणी नसताना बोलणं ऐकू येत होतं. डॉक्टरांना स्किझोफ्रेनियाचा संशय होता. मेंदूत गाठ किंवा सूज नाही ना, एवढंच स्कॅनमध्ये पाहायचं होतं.

गळ्यातला ताईत काढायला सांगितला तशी आई कासावीस झाली. "घाड्याने दिलाय गो बाय." घाडी म्हणजे गावातला मांत्रिक.

"आत धातू चालत नाही, मावशी. तुमच्या मुठीत धरून बसा."

मुलाच्या हातात रबरी फुगा दिला. "काही झालं तर दाब, मी थांबवीन." मशीनची ठकठक सुरू झाली आणि थोड्याच वेळात घंटी वाजली.

"काय रे, गुदमरतंय?"

"नाही. ते बोलायला लागले, म्हणून दाबला."

माझ्या अंगावर काटा आला. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या एका अभ्यासात ३ रुग्णांना नेमकं हेच करायला सांगितलं होतं. मशीनमध्ये पडून राहायचं, आवाज आले की बटण दाबायचं. मेंदूचा कोणता भाग काम करतोय ते दाखवणाऱ्या फंक्शनल एमआरआयमध्ये त्या त्या क्षणी त्यांच्या मेंदूतला ऐकण्याचा भाग, कानशिलाच्या आतली हेशलची वळी, कामाला लागलेली दिसली. बाहेरून कुणी बोलत नव्हतं, तरी. म्हणजे रुग्ण 'ऐकू येतं' म्हणतो ते शब्दशः खरं असतं. मी ते वाचलं होतं, पण फुगा दाबणारा हात त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

आमचा स्कॅन साधा, फक्त रचना दाखवणारा. दुपारी रिपोर्ट आला, नॉर्मल.

"म्हणजे हा नाटकं करतो!" भाऊ तडकला.

रिपोर्ट समजावणं डॉक्टरांचं काम, पण मला राहवलं नाही. "घराचा फोटो काढला तर आत कोण काय बोलतंय ते फोटोत येतं का? गाठ नाही, एवढंच हा कागद सांगतो. हा आजार डॉक्टर बोलून, विचारून ओळखतात. त्याला खरंच ऐकू येतं."

भाऊ बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग धाकट्याशेजारी बाकावर बसला.

"काय बोलतात रे ते?"

"कधी कधी तुझ्याच आवाजात बोलतात," तो म्हणाला.

आईची मूठ अजून मिटलेलीच होती.