वेंगेनची डाउनहिल बघायची तर हुंडशोप्फपाशी उभे राहा

स्वित्झर्लंडमध्ये युंगफ्राउयोखला जाताना आपली बरीच मंडळी क्लायने शायडेगला गाडी बदलतात. त्या स्टेशनाच्या वरच लाउबरहोर्नचा डोंगर आहे. जानेवारीच्या मध्यावर तिथून स्कीइंगच्या वर्ल्ड कपमधली सर्वांत लांब डाउनहिल, म्हणजे उतारावरून भन्नाट वेगाने खाली येण्याची शर्यत, सुटते. जवळपास साडेचार किलोमीटर अंतर, हजार मीटरहून जास्त उतार. ही शर्यत १९३० पासून चालू आहे. वर्ल्ड कपचा हंगाम ऑक्टोबरअखेर ऑस्ट्रियातल्या सोल्डेनला सुरू होऊन मार्चपर्यंत चालतो, पण त्यातली एकच शर्यत बघणं जमणार असेल तर हीच बघा.

शर्यतीच्या वेंगेन गावात मोटारी जात नाहीत. गाडी खाली लाउटरब्रुनेनला ठेवायची आणि दातेरी रुळावरच्या रेल्वेने वर चढायचं. शनिवारी सकाळी त्या फलाटावर मुंगीलाही शिरायला जागा नसते, म्हणून उजाडायच्या आत निघा. गावातल्या खोल्या फार आधी भरतात. आम्ही इंटरलाकेनला राहिलो, ते सोयीचं पडलं. शर्यतीच्या तिकिटात रेल्वेचा कुठला टप्पा धरलाय, हे आधीच बघून घ्या.

बहुतेक जण थेट शेवटच्या रेषेपाशी जातात. तिथे मोठा पडदा असतो, घंटांचा कल्लोळ असतो, पण उतार कळत नाही. त्यापेक्षा वेंगर्नआल्प स्टेशनाला उतरा आणि बर्फातून चढत हुंडशोप्फ गाठा. टीव्हीवर ही जागा साधी उडी वाटते. प्रत्यक्षात तो खडकाचा कडा आहे. आधी कडक बर्फावर स्कीच्या धारा खरवडल्याचा आवाज येतो, मग खेळाडू खडकाला खेटून हवेत झेपावतो आणि खाली टेकताच पुढच्या वळणासाठी अंग वाकवतो. माझ्या तर घशाला कोरड पडली होती.

पुढे रेल्वेच्या पुलाखालून वाट जाते, मग हानेगशुसचा सरळ उतार येतो. तिथेच २०१३ मध्ये फ्रान्सच्या योहान क्लारेचा वेग ताशी १६१.९ किलोमीटर मोजला गेला. पण खरी परीक्षा शेवटी असते. दोनेक मिनिटांनी मांड्या पेटलेल्या असतात आणि तेव्हाच शेवटची वळणं घ्यायची असतात. २०२४ मध्ये नॉर्वेचा आलेक्सांडर ओमोट किल्डे शेवटच्या टप्प्यातच कोसळून जबर जखमी झाला. त्याच आठवड्यात स्वित्झर्लंडच्या मार्को ओडरमाटने इथल्या दोन्ही डाउनहिल जिंकल्या. इटलीच्या क्रिस्तियान गेदिनाने १९९७ मध्ये २ मिनिटं २४.२३ सेकंदांत हा उतार पार केला होता. तो कडा पाहिल्यावर या आकड्याचं मोल कळतं.

सोबत जाड तळाचे बूट, दोन जोड लोकरी मोजे आणि बुटांवर चढवायचे काटे घ्या. तासन्‌तास बर्फात उभं राहिलं की थंडी पायांतूनच चढते. नावाजलेले खेळाडू पहिल्या वीसात येऊन जातात, पण लगेच निघू नका. मागून येणारी पोरंही जीव तोडून उतरतात आणि तोवर कठड्यापाशी जागाही मिळते. वारा किंवा धुकं आलं तर सुरुवातीची जागा खाली आणतात, कधी शर्यतच रद्द होते. म्हणून जमल्यास आठवड्याच्या मधल्या दिवशी सरावाची फेरीही बघा. उतार तोच, खेळाडू तेच आणि परतीच्या गाडीत बसायला जागा मिळते.